पळसदरीतला ळ आणि हिंदीचा तास

कर्जतहून खोपोलीची गाडी सुटली की चार स्थानकं लागतात आणि त्यांतल्या तीन नावांत ळ आहे. पळसदरी, केळवली, डोळवली. चौथं लौजी, मग खोपोली. हिंदीत हीच नावं पलसदरी, केलवली, डोलवली होतात. या एकेरी मार्गावरून मी बरीच वर्षं ये-जा केली, खाली मुंबईकडच्या कॉलेजांत हिंदी शिकवायला. परवा समोरच्या बाकावर बसलेली दुसऱ्या वर्षाची एक मुलगी फोनशी बोलून हिंदीचा प्रकल्प लिहीत होती. ‘मैं पळसदरी में रहती हूँ’ असं ती अगदी स्पष्ट म्हणाली. पडद्यावर उमटलं, ‘मैं पल सदरी में रहती हूँ’. तिने दोनदा प्रयत्न केला, मग हसली, ळ सोडून दिला आणि ‘पलसदरी’ म्हणाली. फोनने मुकाट्याने बरोबर लिहून दिलं.

विद्यापीठाच्या वर्गात हिंदी शिकवायला आधुनिक तंत्रज्ञान किती उपयोगी पडलं, हा प्रश्न आमच्या चर्चासत्रांत वर्षाआड निघतो. त्यावरचे निबंधही ठरलेले असतात. आधी संगणकाची स्तुती, मग ॲपांची आणि संकेतस्थळांची यादी, शेवटी ‘तंत्रज्ञान हे साधन आहे, साध्य नव्हे’. असे निबंध मी पुष्कळ ऐकले आहेत, दोन स्वतः वाचलेही आहेत. त्यांत एक गोष्ट राहून जाते. हिंदी कोणाला शिकवायची आहे, हे कोणी विचारत नाही.

खोपोलीच्या मुलाला हिंदी परकी नाही. शीळफाट्यावर उभं राहिलं तर ट्रकवाला, टपरीवाला, कारखान्यातून पाळी संपवून आलेला उत्तर प्रदेशचा कामगार, सगळे हिंदीच बोलतात. टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली इथे सुरू झालं, पुढे कागदाचे आणि पोलादी नळ्यांचे कारखाने आले, जुना मुंबई-पुणे रस्ता गावातून जातो. बाहेरची माणसं आणि त्यांची बोली इथे कधीच नवलाची नव्हती. मुलं हिंदी ऐकत मोठी होतात, पण वाचत नाहीत. ‘मेरे को कल आने का है’ हे अस्खलित म्हणणारा मुलगा प्रेमचंदांच्या गोष्टीतलं अर्धं पान वाचताना अडखळतो. त्याच्या कानातली हिंदी आणि कागदावरची हिंदी यांच्यात घाटाएवढा चढ आहे. म्हणून तंत्रज्ञानाचं मोजमाप मी एवढ्यावरच करतो: या चढावर ते मुलाच्या कामी आलं का?

कानाची बाजू यंत्राने फार पूर्वीच सांभाळली होती. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी पन्नाशीच्या दशकात आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला कात्री लावली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तिथे १९५२ साली सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’तल्या अमीन सायानींच्या आवाजाने महाराष्ट्रातल्या घराघरांत जेवढी हिंदी नेली, तेवढी आम्हा सगळ्या प्राध्यापकांना मिळून नेता आली नसेल. आणि ज्यांच्या निर्णयामुळे हे घडलं ते केसकर मराठीच. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ साली दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केलं, पण त्यातले कार्यक्रम बहुतेक इंग्रजीत. आमच्या विभागाच्या वाट्याला आला एक टेपरेकॉर्डर. तोही क्रीडा विभागाकडून मागून आणावा लागे.

खरी उलथापालथ झाली ती अक्षरांच्या बाजूला. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आजच्या मुलांना ती दंतकथा वाटते.

१९९० नंतर कॉलेजांत संगणक आले आणि त्यांच्यासोबत कृतिदेव नावाचा फाँट आला. तो खऱ्या अर्थाने देवनागरी नव्हता. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठवली जात, फक्त त्यांना देवनागरी मुखवटा चढवलेला असे. ‘हिन्दी’ लिहायचं तर एफ, जी, यू, एन, एच अशा पाच कळा दाबायच्या. पहिली कळ ऱ्हस्व इकाराची, कारण जुन्या रेमिंग्टन टंकलेखन यंत्रावर वेलांटी आधी उमटवून मग अक्षर उमटवत असत. ज्या संगणकावर कृतिदेव नाही, तिथे ती फाईल उघडली की मुखवटा गळून पडे आणि उरत ती पाच इंग्रजी अक्षरं. एका कॉलेजात माझी सत्र परीक्षेची प्रश्नपत्रिका अशीच छापून आली होती. कबीर, सूर, तुलसी, तिघेही अगम्य रोमन लिपीत. मुलांनी पर्यवेक्षकाला विचारलं, सर, हा फ्रेंचचा पेपर आहे का? शेवटी मी फळ्यावर खडूने पाचही प्रश्न लिहिले.

यावरचा तोडगा कधीच तयार झाला होता, तोही खोपोलीपासून फार लांब नाही. आयआयटी कानपूरमध्ये ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्या संगणकावर आणायचं काम झालं. त्यातून निघालेलं जिस्ट तंत्र १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आलं. १९९१ साली इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा मिळाला. हिंदी, मराठी, संस्कृत, नेपाळी या सगळ्यांचा संसार त्या एकाच पट्ट्यात चालतो, आणि पळसदरीच्या ळलाही तिथे रीतसर जागा आहे. विंडोज २००० पासून मंगल हा युनिकोड फाँट संगणकासोबतच येऊ लागला. तरीही पुढची पंधरा वर्षं हिंदी विभागांतून कृतिदेव हटला नाही. छापखान्यांना तोच हवा, टंकलेखकाच्या बोटांत रेमिंग्टन बसलेलं, आणि बदलायचं म्हटलं की ‘आपलं चाललंय की व्यवस्थित!’

या चालढकलीची किंमत कोणी मोजली, ते मला एका दृष्टिहीन विद्यार्थ्यामुळे कळलं. तो पडदा वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर वापरायचा. माझ्या कृतिदेवमधल्या टिपा त्याच्या संगणकाने वाचल्या त्या अशा: एफ, जी, यू, एन, एच. पानभर नुसती इंग्रजी मुळाक्षरं. त्याने तक्रार केली नाही, फक्त आवाज मोठा करून मला ऐकवला. त्या आठवड्यात मी इनस्क्रिप्ट हा युनिकोडचा कळफलक शिकायला बसलो. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र २००३ पासून हे काम करतं आहे आणि २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं. पण शिक्षकाची स्वतःची टिपणं युनिकोडमध्ये नसतील तर वर्गातला तो एक मुलगा बाहेरच राहतो. स्मार्ट बोर्डाच्या खरेदीवर कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात परिच्छेद लिहिले जातात. फाईल युनिकोडमध्ये आहे का, हे मला आजवर कोणत्याही समितीने विचारलेलं नाही.

मग स्वस्त फोन आणि २०१६ नंतरचं स्वस्त इंटरनेट आलं, आणि टंकलेखनाचा प्रश्न शिक्षकांना न विचारताच सुटला. मुलं रोमन कळांवरून देवनागरी लिहू लागली, नंतर तर बोलूनच लिहू लागली. हा फायदा मोठा आहे. पूर्वी चार ओळी टाइप करायला तास घेणारी मुलं आता गाडीत उभ्याने दोन पानं लिहितात. त्या पानांची हिंदी कशी असते, ते पुढे बघू.

हिंदी शिकवणारी साधनं म्हणाल तर ती महाराष्ट्रातच बरीच घडली, हे हिंदी पट्ट्यातल्या मित्रांना सांगितलं की ते चमकतात. राजभाषा विभागासाठी ‘लीला’ ही स्वशिक्षण प्रणाली पुण्याच्या सी-डॅकने केली. प्रबोध, प्रवीण आणि प्राज्ञ हे अभ्यासक्रम तिच्यातून शिकता येतात, आणि शिकण्याचं माध्यम म्हणून मराठीही निवडता येतं. ‘मंत्र’ हे सरकारी कागदांच्या भाषांतराचं यंत्र पुण्याचंच. हिंदी शब्दजाल, म्हणजे अर्थांच्या नात्यांनी बांधलेला शब्दकोश, पवईच्या आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने उभा केला. मराठी शब्दजालही तिथलंच. वर्ध्याला १९९७ पासून महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे आणि त्याच्या ‘हिंदी समय’ या संकेतस्थळावर कथा, कविता, कादंबऱ्या फुकट वाचता येतात. पहिलं विश्व हिंदी संमेलन १९७५ च्या जानेवारीत नागपूरला भरलं होतं, त्या परंपरेला हे धरूनच झालं.

यांतलं वर्गात काय पोचलं? ‘लीला’ केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी, तिच्यातले संवाद कार्यालयातले, बी.ए.च्या मुलाला ‘फाइल प्रस्तुत है’चं काय? शब्दजाल संशोधकांकडे राहिलं. ‘हिंदी समय’ मात्र उतरलं, कारण फोनवर उघडतं आणि परीक्षेला लागतं. माझा सर्वांत आवडता आधार परदेशात आहे: शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई कोश ऑनलाइन ठेवले आहेत, त्यांत नागरी प्रचारिणी सभेचा ‘हिंदी शब्दसागर’ आहे, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ही आहे. लौजीच्या फलाटावर बसून तिन्ही उघडता येतात. पूर्वी यासाठी मला मुंबईला एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्या चढाव्या लागायच्या.

भाषा शिकवणारी लोकप्रिय ॲप्स मात्र आमच्या कामाची नाहीत. ती इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी केलेली असतात. आधी क, ख, ग गिरवायला लावतात, मग ‘पानी’ म्हणजे काय ते शिकवतात. मराठी मुलाची अडचण याच्या बरोबर उलटी आहे. लिपी येते, निम्मे शब्द येतात, आणि तिथेच तो फसतो.

आता तो फसतो कसा, ते पाहू. मी वर्गात तीन रकान्यांचा कागद देतो. पहिल्यात मराठी वाक्य, दुसऱ्यात मुलाने फोन न बघता केलेली हिंदी, तिसऱ्यात यंत्राचं भाषांतर. ‘त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली’ याचं दरवर्षी कोणीतरी ‘उसको छह महीने की शिक्षा हुई’ करतंच, म्हणजे हिंदी वाचणाऱ्याच्या लेखी तो बिचारा सहा महिने शिकला. यंत्र ‘सज़ा’ लिहितं. ‘खाली बसा’चं मूल ‘खाली बैठो’ करतं, म्हणजे रिकामटेकडे बसा. ‘चेष्टा केली’चा ‘प्रयत्न केला’ होतो. ‘राजीनामा’ शब्द तसाच जातो, तर हिंदीत त्याचा अर्थ समझोत्याचा कागद. अशा बहुतेक जागी यंत्र आता बरोबर असतं, हे कबूल केलं पाहिजे. दहा वर्षांपूर्वी नसायचं.

पण इथेच गोम आहे. यंत्र बरोबर लिहितं आणि मूल ते उचलतं, त्यामुळे इथे आपण घसरलो असतो याचा त्याला पत्ताच लागत नाही. दुसरा रकाना नसेल तर तिसरा नुसती नक्कल आहे. दोन्ही शेजारी ठेवले की वर्गात भांडण सुरू होतं आणि मग शिकवण्याचं काम निम्मं आपोआप होतं. मागे एकाने वाद घातला, ‘सर, मैं आम खाया यात चूक काय? मराठीत मी आंबा खाल्ला, तिथे मीला ने लागत नाही.’ त्याने स्वतःच नियम शोधला होता. मराठीत मी आणि तू यांना कर्त्याचा ‘ने’ दिसत नाही, ‘त्याने’ला दिसतो, म्हणून ‘उसने खाया’ सगळ्यांचं बरोबर येतं आणि ‘मैंने’ तेवढं चुकतं. शिवाय नपुंसकलिंग. मराठीतल्या पुस्तकाला हिंदीत स्त्रीलिंग घ्यावं लागतं, घराला पुल्लिंग. आवाज मराठीत ‘तो’, हिंदीत ‘ती’, आत्म्याचंही तसंच. या चुका अंदाधुंद नसतात, ठराविक जागीच होतात. मराठी घरातल्या मुलाच्या या ठराविक चुका ओळखून त्याला तिथल्या तिथे थांबवणारं साधन अवघड नाही. पुण्याला आणि पवईला त्यासाठी लागणारं सगळं आहे. माझ्या वर्गापर्यंत मात्र तसं काही अजून आलेलं नाही, म्हणून तीन रकान्यांचा झेरॉक्स कागद.

सिनेमाचा विषय थोडक्यात. प्रोजेक्टर आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी ‘तीसरी कसम’ दाखवला. १९६६ चा हा सिनेमा फणीश्वरनाथ रेणूंच्या ‘मारे गए गुलफ़ाम’वरचा. मुलांना आवडला, आणि उत्तरपत्रिकेत गाडीवान हिरामनच्या तोंडी रेणूंची भाषा येण्याऐवजी राज कपूर आला. हल्ली मी क्रम उलटा ठेवतो: आधी गोष्ट मोठ्याने वाचायची, मग सिनेमातली दहा मिनिटं, मग काय गाळलं यावर बोलायचं. मन्नू भंडारींची ‘यही सच है’ आणि तिच्यावरचा १९७४ चा ‘रजनीगंधा’ यासाठी फार चांगले.

टाळेबंदीत सगळंच फोनवर गेलं. त्यातच ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात धडकलं आणि कित्येक गावांतली वीज आणि रेंज दोन्ही गेली. खालापूर-कर्जतच्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरची मुलं हजेरीपुरती टेकडीवर चढायची. वर्गातला आवाज तुटक पोचायचा, म्हणून मी धडे सात-सात मिनिटांचे ध्वनिमुद्रित करून पाठवायला लागलो. त्या काळातली माझ्याकडे उरलेली खरी उपयोगी गोष्ट तीच. मुलं ती अजून ऐकतात, कारण त्यांना वाचण्याआधी ऐकावंसं वाटतं. वाडीवरच्या मुलाला तर घरची बोली, शाळेची मराठी आणि कॉलेजची हिंदी असे तीन टप्पे चढायचे असतात. पहिल्या टप्प्याचं नाव फोनच्या भाषांच्या यादीत शोधून पाहा.

काय पाठवता येतं, याचाही हिशेब शिक्षकांनी ठेवायला हवा. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांचं होतं. प्रेमचंद, प्रसाद केव्हाच मोकळे झाले, निराला २०२२ पासून. मराठी घरात जन्मून हिंदीत मोठे झालेले गजानन माधव मुक्तिबोध १९६४ साली गेले, म्हणजे २०२५ पासून तेही. रेणूंना अजून अवकाश आहे. वर्गात शिकवण्यापुरत्या प्रती काढायला कायद्यात मुभा आहे, दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ च्या फोटोकॉपी प्रकरणात ते स्पष्ट केलं. पण अख्खी कादंबरी स्कॅन करून व्हॉट्सॲपवर फिरवणं ही आपल्याकडची रीतच झाली आहे, आणि त्यात हिंदीचे प्राध्यापक मागे नाहीत.

‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावर २०१७ पासून हिंदीचेही अभ्यासक्रम आहेत. २०२२ साली केंद्र सरकारने भारतीय भाषांच्या भाषांतरासाठी ‘भाषिणी’ आणली आणि त्याच वर्षाच्या शेवटी चॅटजीपीटी आलं. आता प्रेमचंदांच्या ‘कफ़न’वरचं टिपण मागितलं की चाळीसपैकी तीसजणांचं एकाच वळणाचं येतं: मानवी संवेदना, यथार्थवादी चित्रण, सामाजिक विसंगती. शुद्ध, गुळगुळीत आणि कोणाचंच नाही. घीसू आणि माधव हे बापलेक बटाटे खात बसलेत आणि आत माधवची बायको बुधिया कळा देते आहे, हे त्या तीस टिपणांत कुठेच नसतं. मी रागावत नाही. टिपण घेऊन ये, म्हणतो, आणि यातली कुठली ओळ गोष्टीतल्या कुठल्या ओळीवरून आली ते बोट ठेवून दाखव. काहीजण तेव्हा पहिल्यांदा गोष्ट उघडतात. यंत्राला गोष्टीतलं पात्र होऊन बोलायला लावण्याचा प्रयोगही केला. ‘तू घीसू आहेस, माझ्याशी बोल’ म्हटल्यावर घीसू प्रमाण हिंदीत भाषण देऊ लागला. मुलांनीच सांगितलं, सर, हा घीसू नाही, हा तर सूत्रसंचालक आहे. त्या दिवशी त्यांना प्रेमचंदांची भाषा माझ्या व्याख्यानापेक्षा जास्त कळली.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर भाषेच्या वाट्याला बहुतेक मुलांना दोन-दोन श्रेयांकांचे छोटे अभ्यासक्रम येतात. अनेक ठिकाणी ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवतात, तीन कॉलेजं फिरत. त्यांच्याकडून नव्या साधनांची अपेक्षा करायची तर आधी त्यांना एका जागी बसू द्यायला हवं. २०२५ साली पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयावरून राज्यात केवढा गदारोळ झाला. एप्रिलचा निर्णय जूनअखेर मागे घ्यावा लागला. पदवीच्या वर्गात हिंदी कशी शिकवली जाते, यावर त्या सगळ्या गोंधळात मी एकही वाक्य ऐकलं नाही.

आणि एवढं सगळं करून परीक्षा अजून कागदावर, पेनाने. वर्षभर मूल बोलून लिहितं, कळफलक त्याच्यासाठी अनुस्वार, नुक्ता, चंद्रबिंदू लावून देतो. परीक्षेत ते सगळं एकाएकी हातावर येऊन पडतं. या वेळी मी पर्यवेक्षणाला होतो. प्रेमचंदांनी १९३० साली काढलेल्या मासिकाचं नाव विचारलं होतं. तिसऱ्या बाकावरच्या एकीने हात वर केला. उत्तर तिला येत होतं, पेन अडलं होतं. हळूच म्हणाली, ‘सर, हंसवर चंद्र द्यायचा का? फोनवर आपोआप येतो, म्हणून कधी बघितलंच नाही.’ चंद्र दिला तर हसणं, नाही दिला तर पक्षी. नियमाप्रमाणे मला काही सांगता येत नव्हतं. तिने थोडा वेळ माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग टिंब इतकं मोठं काढलं की ते दोन्ही वाटावं.